वाचक विचारतात : मधल्या दिवसांचं पथ्य

सणासुट्टीतल्या तब्येतीविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतल्या काही प्रश्नांना या सदराच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी मिळून उत्तरं दिली आहेत. बहुतेकांनी विचारलंय ते सणाच्या दिवशीच्या ताटाबद्दल. दवाखान्यात माणसं येतात ती मात्र त्याच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींमुळे : चुकलेली गोळी, जागा ठेवायची म्हणून उपाशी काढलेली सकाळ, रात्रभर ओट्यावर राहिलेलं पातेलं, ओळीने चार जागरणं. त्यामुळे उत्तरांचा कलही तिकडेच आहे. प्रश्न थोडे आवरून घेतले आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

तीन दिवसांच्या सुट्टीत माझं वजन दोन किलोंनी वाढतं. मग पुढचे दोन दिवस मी नुसत्या फळांवर काढते. हे बरोबर आहे का? (वय ३८)

आधी हिशेब पाहू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दोन किलो चरबी चढायची तर तीन दिवसांत गरजेपेक्षा पंधरा हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात, म्हणजे रोज पाच हजार वरच्या. इतकं खाणं जवळजवळ कुणालाच जमत नाही. मग काट्यावर दिसतं ते काय? बरंचसं पाणी. पिष्टमय आणि गोड पदार्थ वाढले की यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा भरून घेतात आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. वर तळलेल्या आणि खारट खाण्यातलं मीठ आणखी पाणी अडवतं. आतड्यात असलेल्या अन्नाचं वजन वेगळंच. नेहमीचं जेवण सुरू केलं की यातलं बहुतेक चार-पाच दिवसांत आपसूक उतरतं.

उतरत नाही ते थोडकं असतं, आणि तेच महत्त्वाचं आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांचं वजन सुट्ट्यांच्या आधी, मधे आणि नंतर मोजलं गेलं. हा अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. सुट्टीच्या सहा आठवड्यांत सरासरी वाढ निघाली ३७० ग्रॅम. लोकांना वाटत होती त्यापेक्षा ती बरीच कमी होती, पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती उतरलेली नव्हती. दरवर्षी एवढंच साठत गेलं, तर दहा वर्षांत काय होईल ते तुम्हीच मांडा.

आता तुमच्या दोन दिवसांच्या फळांकडे. पाणी तसंही जाणारच होतं, ते फळांमुळे गेलं असं वाटतं. फळांवर राहिल्याने प्रथिनं जवळपास शून्यावर येतात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भूक अनावर होते, आणि घरात उरलेल्या गोडाचा डबा असतोच. एरवी तो डबा संपायला आठवडा लागला असता, तो एका बैठकीत रिकामा होतो.

त्यापेक्षा असं करा. सणाच्या दिवशी नेहमीची न्याहारी सोडू नका. उशिरा जेवण असेल तर तासभर आधी मूठभर दाणे, एक अंडं किंवा वाटीभर दही घ्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात. भुकेजलेला माणूस तेवढ्या वेळात दुसरी वाढणी संपवून बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून साधं, नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढं जेवा. वजन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी करून वहीत लिहा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये २७२ जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करायला सांगितलं होतं, सोबत काही साध्या सूचना आणि अमुक पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याचा तक्ता दिला होता. दुसऱ्या गटापेक्षा त्यांचं वजन सरासरी अर्धा किलो कमी भरलं. सणानंतर सहाव्या दिवशीही आकडा किलोभर वर असेल, तरच काही कमी करायचा विचार करा.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळी घेतो. सणाच्या दिवशी जेवायला दुपारचे तीन वाजतात आणि गोडही होतं. त्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या तर? (वय ६१)

नका घेऊ. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि अन्न आलंय की नाही हे ते बघत नाही. गोळी आठला, जेवण तीनला आणि मधे नुसता चहा, असा दिवस गेला की एका गोळीवरही साखर घसरू शकते. दुप्पट घेतल्यावर धोका जेवणाआधीच्या तासांत असतो, तसाच रात्री झोपेतही. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही. जोडगोळीतला दुसरा घटक कोणता आहे ते पाकिटावर वाचून ठेवा.

तुमच्यासाठी सोपा मार्ग हा : त्या दिवशीही आठला नेहमीची न्याहारी आणि तिच्यासोबत गोळी, अकराच्या सुमारास थोडं खाणं, मग तीनला जेवण. न्याहारी जमणारच नसेल तर गोळी पहिल्या मोठ्या जेवणासोबत घ्यायची का, हे डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून कागदावर लिहून घ्या. सणाच्या सकाळी फोन लागत नाहीत.

साखर उतरल्याची खूण म्हणजे हात थरथरणं, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलताना जीभ अडखळणं. घरात गर्दी असली की लोकांना वाटतं माणूस दमलाय. लगेच मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायची सोयच नसेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या : सपाट तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात, नाहीतर दीडशे मिलिलिटर गोड रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज पडली तर पुन्हा द्या. समोर आहे म्हणून चॉकलेट किंवा तुपातलं गोड देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अकार्बोज किंवा व्हॉग्लिबोज ही मधुमेहाची औषधं चालू असतील तर घरातली साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारं विकरच ही औषधं अडवतात. तिथे ग्लुकोजच हवं. सावरल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर थोडं काही खाऊ घाला. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे एकदा सावरलेली साखर पुन्हा उतरू शकते; त्या रात्री एकटं झोपू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि रुग्णालय गाठा.

आता गोडाबद्दल. ते खा, पण भात किंवा मैद्याच्या पदार्थाच्या बदल्यात. वर म्हणून नको. ताटातला क्रमही कामाला येतो. आधी भाज्या आणि डाळ, पनीर, अंडं किंवा मासे, मग भात आणि शेवटी दोन-तीन घास गोड. याच क्रमाने तेच जेवण घेतलं तर नंतरची साखर कमी चढते. जेवून अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं चाला. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा; बऱ्याच जणांसाठी १८०च्या आत हे लक्ष्य असतं. एखादा आकडा २४० आला म्हणून जादा गोळी घ्यायची नसते. तो पुन्हा पुन्हा ३००च्या वर येत असेल किंवा सोबत उलट्या असतील तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या मिठाईत मैदा, खवा आणि तूप असतंच. गोडीसाठी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल तर चार-पाच तुकड्यांनी पोट बिघडतं. साधी मिठाई अर्धी खाणं आम्हाला जास्त पटतं.

आणखी एक. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची मधुमेहाची गोळी चालू असलेल्यांनी दीर्घ उपवास, उलट्या-जुलाब किंवा भरपूर मद्य यांच्या वेळी ती घेत राहू नये. साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी आणि धाप अशी सुरुवात होते आणि अपचन समजून दोन दिवस जातात. ही गोळी कधी थांबवायची, तेही आधीच विचारून ठेवा.

आग्रहाला नाही कसं म्हणायचं? (वय ४५)

कारण देऊ नका. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलं की ‘एका दिवसाने काय होतंय’ ठरलेलं. कारणावर वाद घालता येतो, ‘छान झालंय, पोट भरलं’ यावर फारसा घालता येत नाही. पहिल्यांदा वाढतानाच अर्धं घ्या आणि सावकाश खा. रिकामं ताट दिसलं की वाढणारा हात पुढे येतोच. ‘मग डबा घेऊन जा’ ही तडजोड मात्र सांभाळून करा. जेवणातून वाचवलेलं सगळं त्या डब्यातून घरी येतं आणि उद्या-परवा, कुणी आग्रह न करता, उभ्या उभ्या संपतं. आणलाच तर त्याच दिवशी वाटून टाका.

सणाच्या रात्री जेवल्यावर छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी. दोन उशा घेतो तरी फरक नाही. (वय ५०)

उशा मानेखाली जातात, पोट कमरेत दुमडतं आणि आतला दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला, म्हणजे कंबरेपासून वरचा सगळा भाग उतरता होतो. डाव्या कुशीवर झोपा. त्या स्थितीत जठराचं तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहतं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. पाहुणे उशिरा येणार असतील तर तुम्ही आठला जेवून घ्या आणि त्यांच्याबरोबर बसायला ताटात थोडंसं घ्या.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या जळजळ सुरू झाल्यावर घेऊन तेवढा उपयोग होत नाही, त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. पातळ अँटासिड जेवणानंतर तासाभराने. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी घेत असाल तर अँटासिड आणि ती यांत चार तासांचं अंतर ठेवा.

जळजळीच्या नावाखाली हृदयाचं दुखणं दडलेलं असू शकतं. छातीवर दडपण, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, घाम, धाप, चालल्यावर वाढणारा त्रास, यातलं काही असेल तर सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये कळ न येता नुसती मळमळ आणि कमालीचा थकवाही असू शकतो. सुट्टीच्या दिवशी ‘उद्या बघू’ म्हणण्यात सगळ्यात जास्त नुकसान याच दुखण्यात होतं.

पंधरा-वीस जणांचं जेवण उरतं. फ्रिजमध्ये जागा नसते, म्हणून पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी चांगलं उकळून घेतो. वास आला नाही तर खायला हरकत आहे का?

हरकत आहे. उकळल्याने जंतू मरतात. काही जंतूंनी आधी तयार करून ठेवलेलं विष मरत नाही. शिजवलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि असं विष सोडतात की पुन्हा उकळूनही ते जात नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. स्टॅफिलोकोकस हा जंतू हाताच्या जखमेतून, नाकातून दुधाच्या गोडात किंवा क्रीममध्ये उतरतो, त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. मोठ्या पातेल्यातल्या मांसात आणि रश्श्यात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स मात्र तुमच्या मोठ्या पातेल्यावरच जगतो : बाहेरून गार झालेल्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट असतो आणि त्याला हेच हवं असतं. यांपैकी कशालाच वास येईल असं नाही, त्यामुळे नाकावर विसंबू नका.

जंतूंची भरभराट ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान होते. अन्न गॅसवरून उतरल्यापासून दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं. उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. पंगत लांबणार असेल तर सगळं एकदम बाहेर मांडू नका. अर्धं गरम राहू द्या, अर्धं गार, आणि लागेल तसं काढा. वाढून झाल्यावर पातेलं तसंच आत सारू नका; पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त थर होणार नाही अशा उथळ डब्यांत भरा. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळलं तर लवकर निवतं. वाफ जिरली की डबे आत, पूर्ण गार होण्याची वाट पाहायची नाही.

जागेचं म्हणाल तर ती आदल्या दिवशीच करावी लागते. पाण्याच्या बाटल्या, लोणची, जॅम, न उघडलेले रस बाहेर काढा. फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं, आणि डब्यांमधून हवा फिरायला हवी. ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये पुढचे डबे गार आणि मधले कोमट राहतात. शिजवलेलं वर, कच्चं मांस सगळ्यात खाली झाकून. तीन-चार दिवसांत संपणार नाही ते पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये घाला, उणे १८ अंशांवर. पुन्हा गरम करायचं ते लागेल तेवढंच, मधोमध वाफ येईपर्यंत आणि एकदाच. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्यात थांबवून ढवळा, नाहीतर कडा उकळतात आणि मधे गार गोळा राहतो.

तरी कुणाला उलट्या-जुलाब झालेच तर जीवरक्षक द्रावण द्या. तयार पुडी सगळ्यात चांगली. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर त्रास वाढतो, म्हणून अंदाजपंचे घालू नका. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकीच खारट हवी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलांना १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. शौचात रक्त, जोराचा ताप, सात-आठ तास लघवी नाही, मूल मलूल, ही घरी थांबण्याची लक्षणं नव्हेत. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नका.

नऊ वर्षांचा मुलगा सुट्टीत गोड खाल्लं की बेफाम होतो, बारापर्यंत झोपत नाही. गोड पूर्ण बंद करू का?

साखरेने मुलं उड्या मारू लागतात हा समज तपासून झाला आहे. पालकांना आणि मुलांना न सांगता साखर किंवा बिनसाखरेचं गोड देऊन केलेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला; वागण्यात फरक सापडला नाही. तुमच्या घरी जे दिसतं ते खोटं नाही, कारण वेगळं आहे : भावंडांची गर्दी, टीव्ही-मोबाइलचा पडदा, न झालेली झोप. दमलेलं मूल सुस्त पडण्याऐवजी उसळतं. सोबत कोला किंवा चॉकलेट गेलं असेल तर कॅफिनही आहेच.

या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. सुट्टीत ती तासभर सरकली तर बिघडत नाही, तीन तास सरकली की बिघडते. झोपायची वेळ जुळवू पाहू नका, उठायची जुळवा. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून रोज १५ ते ३० मिनिटं लवकर उठवा आणि अर्धा तास बाहेर उजेडात पाठवा. रात्रीची झोप मागून येते. मोठ्यांनाही हेच लागू. दुपारी पडायचं तर वीस-तीस मिनिटं आणि तीनच्या आत. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं.

गोडावर एक बंधन मात्र घाला, आणि ते दातांसाठी : दिवसभर थोडं थोडं नको, जेवणासोबत एकदाच काय ते. प्रत्येक वेळी गोड खाल्ल्यावर अर्धा तास तोंडातलं आम्ल दात झिजवत असतं. दहा वेळा एकेक गोड गोळी ही एकदम दहा गोड गोळ्यांपेक्षा वाईट.

मी वर्षभर पीत नाही. सुट्टीत एक-दोन रात्री जरा जास्त होते. तेवढ्याने काय बिघडतं? (वय ४२)

‘वर्षभर नाही’ याचा फायदा त्या रात्री मिळत नाही. १९७८ साली डॉ. फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांचं वर्णन केलं : सुट्टीत भरपूर मद्य आणि मग अनियमित धडधड. त्याला नाव पडलं ‘हॉलिडे हार्ट’. बहुधा दिवसाभरात ती थांबते, पण प्रत्येक वेळी थांबेलच असं नाही, आणि अशा धडधडीत हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. धडधडीसोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखत असेल तर लगेच रुग्णालय.

मोजायचं ते मद्यार्कात. सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क ४ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये असतो, १०० मिलिलिटर वाइनमध्ये असतो आणि ३० मिलिलिटर व्हिस्की-रममध्येही. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, उलटी यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री एकपर्यंत पाच पेले झाले असतील तर सकाळी सहाला गाडी चालवणारा माणूस अजून पुरता शुद्धीवर नसू शकतो. घ्यायचीच तर जेवून घ्या, तासाला एकाहून जास्त नको, मधे एक पेला पाणी. फसफसणारं मिसळलं की मद्य लवकर चढतं. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध चालू असताना किंवा झोपेच्या गोळीसोबत मद्य नको, आणि दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलच्या मुठीही नकोत. कुणी झोपलंय म्हणून एकटं सोडू नका. हलवल्यावर उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल तर कुशीवर वळवून मदत बोलवा. आणि जे पीत नाहीत त्यांनी ‘थोडी हृदयाला चांगली’ म्हणून सुरू करू नये. कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केलं आहे.

घरात चौदा माणसं, सगळं माझ्याकडे. सणाच्या दिवशी डोकं ठणकतं, कंबर धरते आणि मी सगळ्यांवर ओरडते. काय औषध घेऊ? (वय ४७)

हे उत्तर खरं म्हणजे उरलेल्या तेरा जणांनी वाचायला हवं.

डोकेदुखीची कारणं तुमच्या दिवसात दिसतात : चार तास झोप, चाखण्यापलीकडे जेवण नाही, पाणी विसरलेलं, चहा दुप्पट. दोन तासांनी गजर लावून पाणी प्या आणि पहिली पंगत बसायच्या आधी स्वतः जेवा. याला उद्धटपणा समजणारे असतील तर असोत. ओटा उभ्या कामाला कोपरापासून ५ ते १० सेंटिमीटर खाली हवा. त्याहून खाली असेल तर कंबर वाकते. जाड फळी ठेवून उंची वाढवा, एक पाय आळीपाळीने छोट्या पाटावर ठेवा, चिरणं-निवडणं बसून करा. भरलेलं पातेलं दोघांनी उचलायचं. डोकेदुखीची गोळी महिन्यात दहा-पंधरा दिवसांच्या वर जात असेल तर तीच गोळी डोकं दुखवू लागते.

ओरडण्याला मात्र गोळी नाही. कागदावर सगळी कामं लिहा, ‘लक्षात ठेवणं’ धरून : गॅस संपत आलाय का, कुणाला काय चालत नाही, कुणाचं औषध कधी. यादी दोन पानांची होईल. त्यातली तिसरा हिस्सा कामं खोडा. न झाल्याने कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी बरीच निघतात. उरलेली वाटताना ‘मदत’ मागू नका, अख्खं काम द्या. ‘भाजी आणून दे’ म्हटलं तर काय, किती, कुठून हे डोकं तुमचंच चालतं. ‘शनिवारचं रात्रीचं जेवण तुझं’ म्हणजे ठरवणं, आणणं, करणं आणि भांडी आवरणंही त्याचंच. ते तुमच्यासारखं होणार नाही. मधे पडू नका.

पती गेल्यानंतरचा हा पहिलाच सण. मुलं म्हणतात, नेहमीसारखं करू या. मला नको वाटतं. (वय ६३)

सगळं करायचं किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय नाहीत. एक गोष्ट ठेवा, एक सोडा, एक बदला, आणि ते चार दिवस आधी मुलांना सांगा. ऐन वेळी रडू आलं तर कुणी गोंधळणार नाही. कार्यक्रमाला जायचं तर परतायची सोय आपल्या हातात ठेवा. त्यांचं नाव घ्यायचं की नाही या संकोचात सगळे गप्प बसतात. तुम्ही घेतलंत तर बाकीचे बोलतील. जेवण, झोप, गोळ्या यांच्या वेळा मोडू देऊ नका. गर्दी पांगल्यावरचे दोन-तीन दिवस जास्त रिकामे जातात, तेव्हासाठी कुणाला तरी आधीच बोलावून ठेवा. दुसऱ्या कुणाची झोपेची गोळी घेऊ नका. दोन आठवडे सलग झोप-भूक उडालेली, कशातच मन नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असं वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि त्यांना सोबत बसवून घ्या.

रक्तदाबाच्या गोळ्या घेतो, प्रवासात चुकतात. चार दिवसांनी काय होतं? (वय ५८)

काही औषधं एकदम थांबवली तर दाब किंवा नाडी उसळी मारते; ॲटेनोलॉल-मेटोप्रोलॉलच्या जातीची आणि क्लोनिडिन विशेष करून. प्रवासाचे दिवस अधिक चार, एवढ्या गोळ्या मूळ पाकिटात, हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन असेल तर विमानाच्या सामानकक्षात देऊ नका, तिथे गोठू शकतं आणि गोठलेलं पुन्हा वापरता येत नाही. चुकलेली गोळी आठवताच घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. पायपीट झाली म्हणून डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्यांनी दाब चढतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पाकिटातल्या खारट खाण्याचंही आलं. मोजताना पाच मिनिटं टेकून बसा, पावलं जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर, मिनिटाच्या अंतराने दोनदा.

दोन आठवडे व्यायामशाळा बंद. सगळं वाया जाईल का? (वय २९)

ताकद दोन-तीन आठवडे फारशी हलत नाही, दम थोडा कमी होतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं दिलीत तर तेवढंही राखता येतं, अट एवढीच की जोर नेहमीचा हवा. जोर कायम ठेवून वेळ तिसऱ्या हिश्श्यावर आणला तरी चालतो. वेळ तेवढाच आणि जोर कमी, हे उपयोगाचं नाही. जोर-बैठका, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन जिना, प्रत्येकी तीन फेऱ्या, शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना दमछाक व्हायला हवी. परत आल्यावर पहिल्याच दिवशी जुनी वजनं उचलून सुट्टीचा हिशेब चुकता करायला जाऊ नका. दुखापती तिथेच होतात. पहिल्या वेळी नेहमीच्या साठ-सत्तर टक्के, दुसऱ्या वेळी ऐंशी-नव्वद, आणि अंग फार दुखलं नसेल तर तिसऱ्या वेळी जुन्या वजनावर.